बीस्टनचा लेथ आणि कारखान्याचं कुलूप

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला लागून बीस्टन नावाचं गाव आहे. लेस विणण्याच्या धंद्यावर वाढलेलं. या गावात १९३४ साली सेसिल मूर नावाच्या गृहस्थाने छोटे लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातायची यंत्रं, बनवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव मायफर्ड. २०११ साली बीस्टनमधलं हे काम थांबलं. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत ब्रिटनमधल्या हौशी मॉडेलवाल्यांच्या जगात हे नाव इतकं मुरलं की कुणी नुसतं "लेथ घ्यायचाय" म्हणालं, तर समोरचा पहिला प्रश्न विचारायचा, "मायफर्ड का?"

कंपनी बंद पडली की आपण कारणं शोधायला फार लांब जात नाही. माल खराब असेल, नाहीतर गिऱ्हाईक तुटलं असेल. इथे मात्र माल इतका चांगला होता की साठ वर्षांपूर्वीचं मशीन आजही कामाला जुंपलेलं सापडतं. गिऱ्हाईक तर भक्तच म्हणावं असं. तरीही कुलूप लागलं. माझं म्हणणं असं की कुलूप 'तरीही' लागलं नाही, बऱ्याच अंशी 'म्हणूनच' लागलं. ते पटवायचं तर आधी हा छंद आणि हे मशीन दोन्ही नीट बघायला हवीत.

मॉडेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शोकेसमधलं प्लॅस्टिकचं विमान येतं, किंवा शाळेच्या प्रदर्शनातला थर्माकोलचा किल्ला. ब्रिटनमध्ये 'मॉडेल इंजिनिअरिंग' म्हणतात ते यापेक्षा पुष्कळ जड प्रकरण आहे. यातलं रेल्वेचं इंजिन खऱ्या कोळशावर चालतं. त्याला तांब्याचा बॉयलर असतो, त्यात खरी वाफ धरते, आणि क्लबच्या रुळांवर ते बनवणाऱ्यालाच नव्हे तर मागच्या डब्यांवर बसलेल्या चार-सहा जणांनाही ओढत नेतं. रुळांतल्या अंतरावरून त्याची मापं ठरतात: साडेतीन इंची, पाच इंची, सव्वासात इंची. असं एक इंजिन पुरं व्हायला पाच-दहा वर्षं सहज जातात. या लोकांचं 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केलं. पुढे 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लिलियन लॉरेन्स यांनी त्यात आठवड्यामागून आठवडे इंजिनांचे आराखडे आणि कृती दिल्या. त्यांचं 'टिच' नावाचं साडेतीन इंची छोटं इंजिन आजही नवशिक्यांना सुचवतात.

या छंदाला कच्चा माल पुरवणारे छोटे-छोटे धंदे पुष्कळ होते. कुणी चाकांची आणि सिलिंडरची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकायचं, कुणी बॉयलरसाठी तांब्याचा पत्रा कापून द्यायचं, कुणी नुसते बारीक नट-बोल्ट. हेन्लीच्या स्टुअर्ट टर्नरने छोट्या वाफेच्या इंजिनांचे संच विकून नाव कमावलं. पण कास्टिंग घरी आल्यावर पुढे काय? ते कातायला, भोक पाडायला, आटे पाडायला मशीन हवं. आणि ते घरामागच्या लाकडी शेडमध्ये मावणारं, घरच्या विजेवर चालणारं, पगारदार माणसाला पैसे साठवून घेता येईल असं हवं. मायफर्डने नेमकी ही जागा पकडली.

सुरुवातीचे एमएल-१ ते एमएल-४ हे लेथ साधे आणि स्वस्त होते. महायुद्धाच्या काळात ड्रमंड या जुन्या कंपनीच्या छोट्या लेथचं कामही मायफर्डकडे आलं. हौशी मंडळींना छोटा लेथ कसा हवा असतो, हे कळायला त्याहून चांगली शाळा नव्हती. युद्ध संपताच १९४६-४७ च्या सुमारास एमएल-७ आला आणि कंपनीचं नशीब ठरलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा थोरला भाऊ सुपर ७ आला. एमएल-७ चं स्पिंडल, म्हणजे कातायचा तुकडा फिरवणारा आस, व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगमध्ये फिरायचं. सुपर ७ ला पुढे निमुळतं ब्राँझचं बेअरिंग आणि मागे बॉल बेअरिंग, शिवाय क्लच. पुढची साठेक वर्षं कंपनी याच दोन मशीनच्या आवृत्त्या काढत राहिली.

लेथ चालवणारी टर्नर मंडळी समजून घेतील म्हणून एक हिशोब इथे मांडतो. बाकीच्यांनीही वाचावा, कारण या मशीनची सगळी अक्कल त्यात आहे. एमएल-७ ची सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून (लेथच्या लोखंडी पायापासून) स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची, साडेतीन इंच. म्हणजे बेडवर जास्तीत जास्त सात इंच व्यासाचा जॉब (कातायचा तुकडा) फिरतो. आता ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या 'कॅसल' वर्गाचं इंजिन घ्या. त्याची मोठी चाकं ६ फूट साडेआठ इंच व्यासाची. पाच इंची गेजच्या मॉडेलमध्ये खऱ्या एका फुटाला १ १/१६ इंच असं प्रमाण धरतात. गुणाकार केला की चाक येतं साधारण ७.१३ इंचाचं. म्हणजे सात इंचाच्या लेथवर ते केसभरासाठी अडणार! पण मायफर्डने चकच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या पंजाच्या, अगदी पुढे बेडमध्ये खाच ठेवली होती, ज्याला गॅप बेड म्हणतात, आणि त्या खाचेत दहा इंचांपर्यंतचा जॉब फिरायचा. ज्या माणसाने ही खाच ठेवली त्याला आपलं गिऱ्हाईक संध्याकाळी शेडमध्ये नेमकं काय कातत बसणार आहे हे ठाऊक होतं.

दुसरी अक्कल क्रॉस स्लाइडवर, म्हणजे हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागावर, होती. तिच्या पाठीवर टी-आकाराच्या खाचा पाडलेल्या. तिथे जॉब वर-खाली सरकवणारी व्हर्टिकल स्लाइड बसवली की त्याच लेथवर मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने जॉब कापणं, करता यायचं. वेगळं मिलिंग मशीन घ्यायला ना पैसे होते ना जागा. अशा माणसासाठी एकच मशीन टर्निंग, ड्रिलिंग, बोरिंग, मिलिंग आणि दातेरी चाकं कापणं, सगळं करायचं. जॉर्ज थॉमस यांच्यासारख्या लेखकांनी या लेथसाठी घरी बनवायच्या जोडण्यांवर मासिकात पानंच्या पानं लिहिली. हत्यार धरणारा मागचा टूलपोस्ट, स्पिंडल ठरावीक अंशांत फिरवणारं इंडेक्सिंगचं साधन, असं बरंच काही. लेथच्या साहाय्याने लेथसाठीच वस्तू बनवणं हा छंदातला एक स्वतंत्र छंद झाला. (कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला यात नवल वाटणार नाही.)

तिसरी गोष्ट दिसायला किरकोळ. स्पिंडलच्या नाकावरचे आटे: १ १/८ इंच व्यास, इंचाला बारा. स्पिंडलच्या आत दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे ठरलेल्या मापाचं निमुळतं भोक. आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणाऱ्या लीड स्क्रूला इंचाला आठ आटे. ही मापं वर्षानुवर्षं तशीच राहिली. त्यामुळे आजोबांच्या एमएल-७ चं चक नातवाच्या सुपर ७ वर सरळ चढायचं. आणि बाकीचे पुरवठादारही या मापांची बॅकप्लेट (चक बसवायची तबकडी), चक, कॉलेट (बारीक जॉब पकडायची नळी) बनवू लागले. गिऱ्हाइकाला याहून चांगलं काय हवं? कंपनीच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा, की नवं मशीन घ्यायचं एक कारण तिने आपल्याच हाताने काढून टाकलं होतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कारखान्यातला लेथ एका पाळीत आठवड्याला अठ्ठेचाळीस तास फिरतो. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर २४०० तास. हौशी माणूस शनिवार-रविवार मिळून आठवड्याला चार तास शेडमध्ये घालवतो असं धरू. वर्षाचे दोनशेच्या आसपास. म्हणजे कारखान्यात एका वर्षात होणारी झीज घरच्या लेथला व्हायला बारा वर्षं लागतात. हा माझा ढोबळ हिशोब आहे, कुणी मोजून ठेवलेला आकडा नव्हे. पण त्यावरून एवढं कळतं की कारखान्याच्या दमाचं मशीन घरगुती वापरासाठी विकलं, तर ते गिऱ्हाइकाच्या हयातीत झिजतच नाही.

मग त्या मशीनचं होतं काय? माणूस चाळिशीत लेथ घेतो, सत्तरीत हात थरथरू लागतात, पंचाहत्तरीत शेड बंद होते. घरचे लोक क्लबमधल्या कुणाला तरी बोलावतात, "यांचं ते सामान बघता का जरा?" लेथ दुसऱ्या शेडमध्ये जातो. तिथून तिसऱ्या. प्रत्येक नवा मालक तेलपाणी करतो, बेअरिंग जुळवतो, हिरवट-करडा रंग मारतो आणि पुढची पंचवीस वर्षं खुशीत काढतो. यातल्या एकाही व्यवहारात बीस्टनला नव्या मशीनचा पैसा मिळत नाही. फार तर एखादा पट्टा, एखादा नट, एखादं गिअर.

यात भर पडली शाळांची. ब्रिटनमधल्या शाळांत धातुकामाचा तास असायचा आणि त्यासाठी वर्कशॉपमध्ये लेथ असायचे. मायफर्डचे, हॅलिफॅक्सच्या बॉक्सफर्डचे. १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि धातुकाम, सुतारकाम हे विषय 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या एका छत्राखाली गेले. हातात कानस घेणारी मुलं कागदावर आराखडे काढू लागली. वर्कशॉप आटत गेले आणि तिथले लेथ विक्रीला निघाले. 'शाळेतला लेथ' ही जुन्या बाजारात एक वेगळी जातच झाली. मुलांनी टूल चकवर आपटून दिलेल्या खुणा असतात, पण बेड पुष्कळदा कोरा करकरीत. शाळांचा दुहेरी फटका होता. नवी मागणी थांबली, आणि जुना माल बाजारात ओतला गेला. तिसरा फटका उशिरा कळणारा. ज्या मुलाने तेराव्या वर्षी लेथचं हँडल फिरवलंच नाही, तो पन्नाशीत लेथ घ्यायला कशाला येईल?

स्वस्त आयात मालाचं कारण सगळ्यात आधी सांगितलं जातं, मी ते मुद्दाम मागे ठेवलं. ते खोटं नाही. शांघायच्या सीग कंपनीसारख्या कारखान्यांतले टेबलावर मावणारे मिनी लेथ काही शे पौंडांत मिळू लागले, आणि ब्रिटनमधलेच व्यापारी ते आणून विकू लागले. नव्या सुपर ७ ची किंमत हजारोंच्या घरात. नवशिक्याने काय घ्यावं? मिनी लेथ घरी आल्यावर तो आधी उघडून, धुऊन, घासून, जुळवून घ्यावा लागतो अशी तक्रार जुनी मंडळी करतात. पण त्या तक्रारीने नवशिक्याच्या खिशात पैसे येत नाहीत. एक मात्र लक्षात घ्यायला हवं. ज्याला चांगलंच मशीन हवं होतं तोही बीस्टनला जात नव्हता. तो जुना मायफर्ड शोधत होता. खालच्या बाजूने चीनचा नवा माल आणि वरच्या बाजूने स्वतःचाच जुना माल, अशा दोन जात्यांच्या मध्ये नवा सुपर ७ सापडला होता. खालचं जातं बाजूला ठेवलं असतं तरी वरचं फिरतच होतं.

कंपनी हातावर हात धरून बसली नव्हती. स्वस्तातला छोटा एमएल-१० आणि त्यानंतर स्पीड १० काढून पाहिले. एमएल-७ च्या अंगावर सुपर ७ चं डोकं बसवून एमएल-७ आर काढला. लाकूडकामासाठी एमएल-८ होता. शाळांत तो बराच गेला. कारखान्यांसाठी ग्राइंडिंग मशीन बनवली, आणि त्या क्षेत्रातही मायफर्डला मान होता. शेवटच्या काळात सुपर ७ ला मोठ्या भोकाचं स्पिंडल देऊन वरच्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. वर जाऊन पाहिलं, खाली येऊन पाहिलं. दोन्हीकडे जागा तोकडी निघाली.

किंमत उतरवता आली नसती का, असं कुणीही विचारेल. मला वाटतं, फारशी नाही. लेथची किंमत बेडमध्ये असते. ओतीव लोखंड आधी मुरवावं लागतं, मग ग्राइंड करून त्याच्या पाठी सरळ आणि समांतर कराव्या लागतात. बेडवर बसणारे हेडस्टॉक, सॅडल, टेलस्टॉक हे भाग एका रेषेत आणायला कसलेला हात लागतो. कमी नगांवर हा खर्च वाटला की प्रत्येक नग महाग पडतो. महाग झाला की नग आणखी कमी खपतात. इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये फाउंड्र्या आणि मशीन टूलचे कारखाने आधीच पातळ होत चालले होते, त्यामुळे आजूबाजूची साखळीही तुटत होती. हे गणित आपल्यालाही अनोळखी नाही. हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ महाराष्ट्रातल्या किती वर्कशॉपांत अजून फिरताहेत! कारखाना उरला नाही, लेथ उरले.

२०११ मध्ये बीस्टनचं काम बंद झालं. त्यानंतर जे घडलं, तो या प्रकरणाचा मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग आहे. मायफर्डचं नाव, हक्क आणि सुट्या भागांचा धंदा आरडीजी टूल्स या व्यापारी कंपनीने घेतला. हौशी लोकांना हत्यारं आणि सुटे भाग विकणारी ही कंपनी वेस्ट यॉर्कशरमधल्या मायथमरॉइड या छोट्या गावातली. मायफर्ड तिकडे गेलं. भर राहिला सुट्या भागांवर आणि जुनी मशीन घासून-जुळवून पुन्हा उभी करण्यावर. नावाला किंमत आली, मशीनच्या आराखड्यांना आली, पट्टे-गिअर-नट यांच्या कपाटाला आली. बीस्टनच्या चार भिंतींत दरवर्षी शेकड्यांनी लेथ जोडण्याची जी क्षमता होती, तिला कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही.

यावरून माझा एक तर्क आहे. तर्कच म्हणतो. बीस्टनमध्ये बसून पाहिलं तर नवं मशीन हा धंदा होता आणि सुटे भाग ही सेवा. बाहेरच्या माणसाने पाहिलं तेव्हा ते बरोबर उलटं दिसलं. देशभरातल्या शेडमध्ये उभे असलेले जुने लेथ हीच खरी ठेव होती, आणि तिच्यावरचं व्याज पट्ट्या-गिअरांच्या रूपाने येत होतं. हे वीस वर्षं आधी ओळखलं असतं तर कारखाना वाचला असता का? नसता. त्या व्याजावर एवढा मोठा संसार चालत नाही. पण एक गोदाम, दहा-बारा माणसं, बेड ग्राइंड करायचं एक मशीन, एवढ्यावर बीस्टनमध्येच काहीतरी उरलं असतं. मात्र हे बोलणं मला सोपं आहे, मागून बघतोय म्हणून. ज्याच्या वडिलांच्या काळापासून नवं मशीन पॅक होऊन दाराबाहेर जाताना दिसतंय, त्याला "आता आपण दुरुस्तीवाले" हे स्वीकारायला किती जड जाईल, ते कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा.

हौशी लोकांवर काय परिणाम झाला? सुरुवातीला धाकधूक होती, भाग मिळतील का, पुढे काय. भाग मिळत राहिले. १ १/८ बारा आट्यांची चक आणि बॅकप्लेट आज एकाहून अधिक विक्रेत्यांकडे मिळतात, त्यांतली बरीच भारतात आणि चीनमध्ये बनलेली असतात. ज्या आयातीने बीस्टनला घेरलं तीच आज बीस्टनच्या जुन्या मशीनांना चालू ठेवायला हातभार लावते. गेली ती वेगळी गोष्ट: जिने ते मशीन मुळात बनवलं त्या कंपनीला फोन करून "माझ्या लेथचा नंबर अमुक, यात कोणतं बेअरिंग बसतं?" असं विचारायची सोय. एमएल-७ चा नंबर 'के' अक्षराने सुरू व्हायचा, सुपर ७ चा 'एसके'ने. बेडवर ठोकलेल्या त्या नंबरावरून मशीनची ओळख पटायची. आता ते ज्ञान क्लबमधल्या वयस्कर माणसांच्या डोक्यात आणि जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांत आहे.

आपल्याकडे ही अडचण तशी कधी आलीच नाही, कारण असा पुरवठादारच नव्हता. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. ते सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या त्यांच्याच वर्कशॉपच्या जागेत उभं राहिलं, ते उगीच नाही. दुकानात जे मिळत नाही ते स्वतःच्या मशीनवर करायचं, अशी आपल्याकडच्या छांदिष्टाची रीत. ब्रिटनमधल्या माणसाला मशीनही दुकानातून मिळालं, आणि ते इतकं टिकलं की दुकान आधी संपलं.

परवा एका विक्रीच्या जाहिरातीत एमएल-७ पाहिला. सोबत तीन चक, व्हर्टिकल स्लाइड, गिअरांचा पूर्ण संच, आणि मालकाने घरी बनवलेला मागचा टूलपोस्ट. खाली एक ओळ: वडिलांचा होता, बेड चांगला आहे, न्यायला दोन माणसं लागतील.